मालक आहेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळाच्या कार्यक्रमात, भारतातून आलेल्या पाहुण्यांकडून, कधी फोनवर माझ्या मामेबहिणीकडून हा प्रश्न मला हमखास येतो: "क्रिकेटवर वाढलेली तू. मग कधीची गेलेली ती बेसबॉलच्या टीमची मालकीण तुला एवढी जवळची कशी? आणि घरी आलेल्या माणसाला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवायच्या आधी आपल्या न्यू जर्सीतल्या नेवार्कच्या विल्सन अॅव्हेन्यूवर कशाला नेतेस?"

तिथे आता काही नाही हे खरं. रुपर्ट स्टेडियम साठच्या दशकातच पाडलं. पण त्या मैदानावर १९३६ ते १९४८ नेवार्क ईगल्स हा काळ्या खेळाडूंचा बेसबॉल संघ खेळला आणि त्या संघाचा सगळा कारभार एफा मॅन्लीच्या हातात होता. मला ती सापडली मुलाच्या शाळेमुळे. चौथीत त्याला लॅरी डोबीवर प्रकल्प करायचा होता. डोबी इथलाच, पॅटरसनच्या शाळेत शिकलेला, बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू. पुस्तकं चाळताना एका ओळीत आलं की क्लीव्हलंडच्या संघाने डोबीला नेवार्कच्या मालकिणीकडून विकत घेतलं. मुलाचा प्रकल्प संपला, मी त्या ओळीपाशीच राहिले.

त्याला कारण आहे. आमचा कोल्हापुरात छापखाना होता. गल्ल्यावर आई बसायची. रोजकीर्द तिची, खतावणी तिची, कागदाच्या रिमांचा भाव तिला तोंडपाठ, कामगारांचा पगार शनिवारी तिच्या हातून. आणि दारात आलेला प्रत्येक माणूस तिलाच विचारायचा, "वहिनी, मालक आहेत का?" आपल्याकडे मालकीण म्हणजे मालकाची बायको. एफासाठी मला हाच शब्द वापरावा लागतो आणि दरवेळी तो अपुरा पडतो.

तिचा जन्म फिलाडेल्फियाचा. आई शिवणकाम करायची. एफा दिसायला गोरी होती. जन्मदाता बाप गोरा होता असं तिनं उतारवयात सांगितलं. पण वाढली ती काळ्या घरात आणि आयुष्य काढलं काळ्या समाजात, त्या समाजाची म्हणूनच. नवरा एब मॅन्ली याचा कॅम्डेनमध्ये आकड्यांचा धंदा होता, आपल्या मटक्याच्या जातीचा. त्या पैशातून त्यानं १९३५ मध्ये ब्रुकलिन ईगल्स हा संघ उभा केला. पहिल्याच घरच्या सामन्याला महापौर ला गार्डिया आले होते आणि संघ २१–७ असा आपटला. पुढच्या वर्षी संघ नेवार्कला आला. एबला खेळाडू हेरण्यात आणि त्यांच्याबरोबर बसमधून हिंडण्यात रस होता. करार, पगार, सामन्यांच्या तारखा, मैदानाचं भाडं, जाहिराती, हे सगळं एफा बघायची.

मैदानाचं भाडं ही साधी गोष्ट नव्हती. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये बंदी, म्हणून त्यांच्या निग्रो लीग वेगळ्या. पण मैदानं गोऱ्या क्लबांची. रुपर्ट स्टेडियम मोठ्या लीगमधल्या न्यूयॉर्क यांकीज या संघाच्या मालकीचं होतं. म्हणजे ज्यांनी दार लावलं होतं, त्यांनाच भाडं द्यायचं.

ती गप्प बसणाऱ्यातली कधीच नव्हती. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतल्या ब्लूमस्टाइन या मोठ्या दुकानावर बहिष्कार पडला. गिऱ्हाईक काळं चालतं, मग काउंटरमागे काळी मुलगी का चालत नाही, एवढाच सवाल होता. त्या लढ्यात एफा पुढे होती आणि दुकानाला शेवटी नमावं लागलं. पुढे ती एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या नेवार्क शाखेची खजिनदार झाली. १९३९ मध्ये तिनं आपल्या सामन्याचा दिवस झुंडबळीविरोधी दिवस म्हणून ठेवला. 'लिंचिंग थांबवा' असे पट्टे अंगावर घातलेल्या मुली प्रेक्षकांना जागा दाखवत फिरत होत्या.

तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ती पाय कसे दुमडून बसायची आणि त्यातून खेळाडूला इशारा कसा द्यायची, ही गोष्ट रंगवून सांगतात. मला त्याचा राग येतो. तिच्या संघातून मॉन्टी अर्विन, लॅरी डोबी, लिऑन डे, डॉन न्यूकम खेळले. १९४६ मध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाला सातव्या सामन्यात ३–२ असं हरवून निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. हे सोडून तिचे पाय?

आणि खरी गोष्ट त्यानंतरची आहे. ब्रुकलिन डॉजर्स या मोठ्या लीगमधल्या संघाचा कारभारी ब्रँच रिकी यानं जॅकी रॉबिन्सनला, म्हणजे मोठ्या लीगची बंदी मोडणाऱ्या पहिल्या काळ्या खेळाडूला, मोनार्क्सकडून उचललं, एक डॉलरही न देता. नेवार्कचा न्यूकमही तसाच नेला. या लीगचे करार धड करारच नाहीत, असं त्याचं म्हणणं. एफापुढचा पेच बघा. जे दार उघडावं म्हणून ती इतकी वर्षं भांडली, ते उघडत होतं. आता मोबदला मागितला तर आपल्याच पोरांच्या वाटेत उभी राहिली म्हणून बोल लागणार. नाही मागितला तर काळ्या माणसाचा धंदा म्हणजे कुणीही येऊन फुकट न्यावा असा माल, हे कायमचं ठरणार. तिनं मागितला. मॉन्टी अर्विनला रिकीनं घेतलं तेव्हा ती अडून बसली आणि रिकीला त्याला सोडावं लागलं. काळ्या वर्तमानपत्रांतूनही तिच्यावर टीका झाली. मला विचाराल तर ती शंभर टक्के बरोबर होती.

१९४७ च्या जुलैमध्ये क्लीव्हलंडच्या संघाचा मालक बिल व्हीक याचा डोबीसाठी फोन आला. तो पैसे द्यायला तयार होता: १० हजार डॉलर. एफानं त्याला सरळ ऐकवलं की पोरगा गोरा असता तर तुम्ही १ लाख दिले असते. पण आपण नाही म्हणू शकत नाही हे तिला माहीत होतं. डोबी संघात टिकला तर आणखी ५ हजार द्यायचे असं तिनं ठरवून घेतलं, आणि व्हीकनं ते दिले. ४ जुलैला डोबी नेवार्ककडून शेवटचा खेळला, शेवटच्या बॅटिंगला होमरन मारला, रात्रीच्या गाडीनं शिकागोला गेला आणि ५ जुलैला क्लीव्हलंडच्या गणवेशात मैदानात उतरला.

मोठ्या लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंमागे प्रेक्षकही गेले. सगळे रॉबिन्सनला बघायला डॉजर्सच्या मैदानावर, एबेट्स फील्डला, जाऊ लागले. नेवार्कच्या सामन्यांना १९४६ मध्ये सुमारे १ लाख २० हजार लोक आले होते, १९४७ मध्ये ५७ हजार. त्यात रॉबिन्सननं १९४८ मध्ये एका मासिकात निग्रो लीगमधल्या बस, हॉटेलं आणि पगारावर कडक लेख लिहिला. एफाला तो झोंबला आणि तिनं लेख लिहूनच उत्तर दिलं. दोघांचंही दुःख खरं होतं. तो मोडक्या बसमधून रात्रीचा प्रवास करून आला होता आणि ती त्या बसचं बिल भरत आली होती. १९४८ चा मोसम संपला आणि मॅन्लींनी संघ विकला. अर्विन पुढे न्यूयॉर्क जायंट्स या मोठ्या लीगमधल्या संघाकडे गेला, तेव्हा ५ हजार डॉलर मिळाले. वकिलाचे आणि नव्या मालकाचे गेल्यावर तिच्या वाट्याला जे आलं, त्यातून तिनं फरची एक शाल घेतली.

एब १९५२ मध्ये गेला. ती लॉस एंजेलिसला गेली आणि आपल्या खेळाडूंना कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, जागा मिळावी म्हणून पत्रं लिहीत राहिली. १९८१ मध्ये वारली. तिच्या थडग्यावर 'तिचं बेसबॉलवर प्रेम होतं' एवढंच कोरलंय.

माझ्या आईला हे सगळं मी फोनवर थोडं थोडं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा: "मग त्या न्यूकमचे पैसे शेवटी मिळालेच नाहीत?" नाही मिळाले, म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

२००६ मध्ये हॉल ऑफ फेमनं निग्रो लीग आणि त्याआधीच्या काळातली १७ नावं एकदम निवडली. त्यात एफा मॅन्ली होती, तिथे पोचलेली पहिली आणि आजवरची एकमेव स्त्री. त्याच यादीत तिच्या संघाचे आणखी दोघं होते, खेळाडू म्यूल सटल्स आणि १९४६ च्या विजेत्या संघाचा मॅनेजर बिझ मॅकी.