आईबाप शाळेत दिसत नाहीत म्हणून...

मी कॅलिफोर्नियातल्या सलिनासला प्राथमिक शाळेत शिकवते हे कळलं, की बे एरियातल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. गणपतीत, फराळाला, कुणाच्या वास्तुशांतीला. "तुमच्या वर्गात बहुतेक मेक्सिकन मुलं ना? त्यांचे आईबाप अभ्यासाकडे लक्षच देत नाहीत म्हणे. मग ती मुलं पुढे कशी जाणार?" विचारणारी माणसं वाईट नसतात. स्वतःच्या मुलांसाठी त्यांनी रात्रीचा दिवस केलेला असतो; शाळेच्या बैठकीला न येणारा बाप त्यांना समजूच शकत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी त्या बैठकीचंच बघू. सलिनासच्या खोऱ्यात लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी पिकते. बैठक दुपारी तीनला ठेवली, तर आई शेतात असते. ती निघून आली तर मजुरी बुडते, कारण हंगामात पैसे बहुतेक भरलेल्या प्रत्येक ट्रेमागे मिळतात. नोव्हेंबरच्या सुमारास लेट्यूसचं काम ॲरिझोनातल्या युमाकडे सरकतं, तेव्हा काही कुटुंबं मुलांसकट तिकडे जातात आणि वसंतात परततात. बीड-नगरकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोर पटावरून कधी गळतं, हे त्यांनी पाहिलेलं आहे. तिथेही आपण "पालकांना शिक्षणाची किंमत नाही" असंच म्हणत आलो.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी मी गेले होते. दोन कुटुंबं मिळून एका अपार्टमेंटमध्ये राहत होती. आईनं आधी जेवायला वाढलं, मग बोलणं. टेबलावर एक वही होती: तारीख, शेताचा नंबर, ट्रे किती. स्ट्रॉबेरीच्या एका ट्रेमध्ये एकेक पौंडाचे आठ डबे बसतात. दर आठवड्याला तो मुलगा वहीतले ट्रे आणि पगाराच्या चिठ्ठीतले ट्रे ताडून बघायचा. एकदा चिठ्ठीत कमी भरले, तेव्हा त्यानंच ते पकडलं आणि आई वही घेऊन मुकादमासमोर उभी राहिली. हाच मुलगा वर्गात शाब्दिक उदाहरणांना हात लावत नसे. पुस्तकातली उदाहरणं होती विमानाच्या तिकिटांची आणि स्विमिंग क्लबच्या फीची.

मग आम्ही आठवडाभर वर्गात ट्रेची उदाहरणं केली. पावसानं शेत बंद होतं, त्या दिवशी त्याची आई शाळेत आली. कोणतं फळ तोडायचं, कोणतं दोन दिवस ठेवायचं, डाग कुठे बघायचा, हे तिनं स्पॅनिशमध्ये सांगितलं. मुलांनी वजनं केली, आकडे मांडले. अर्ध्या वर्गाचे आईबाप हेच काम करतात. त्या दिवशी हात वर करणाऱ्यांमध्ये एरवी गप्प बसणारी पोरं जास्त होती.

ही युक्ती माझ्या डोक्यातली नाही. ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये संशोधक लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या घरांमध्ये पाठवलं, ते शिकवायला नव्हे, शिकायला. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, दुरुस्ती, सीमेपलीकडचा व्यापार: घराघरांत केवढं ज्ञान साठलेलं आहे, हे 1992 साली त्यांनी मांडलं. त्यातल्या एका शिक्षिकेला कळलं की वर्गातला एक मुलगा मेक्सिकोतून आणलेल्या गोळ्या-मिठाया विकतो. त्यावरून तिनं मिठाईवर पाठच तयार केला आणि एका आईला ती करून दाखवायला वर्गात बोलावलं.

आणि घरी जाण्यानं काय होतं याचं उदाहरण हवं असेल, तर अंतराळवीर होसे हर्नांडेझ. कुटुंब मेक्सिकोतल्या मिचोआकानचं, पिकांमागे फिरणारं. दुसरीच्या बाईंनी घरी येऊन आईवडिलांना सांगितलं, एका जागी राहा, मुलांची शाळा तुटतेय. त्यांनी ऐकलं. ज्यांना शिक्षणाची किंमत नाही, ते असं ऐकतात का? 2009 मध्ये हर्नांडेझ डिस्कव्हरी यानातून अवकाशात गेले.

भाषेबद्दल मला जरा रागानंच बोलायचंय. आपली मुलं रविवारी मराठी शाळेत जातात, घरी आजीशी मराठीत बोलतात, आणि शिक्षक कौतुक करतात, वा, दोन भाषा! माझ्या वर्गातलं मूल घरी स्पॅनिश बोलतं, तेव्हा कागदावर त्याची नोंद मागे पडलेला अशी होते. 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कौल देऊन द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद केलं. 2016 मध्ये दुसरा कौल घेऊन ते बंधन उठवलं. मधल्या काळात मोठी झालेली पिढी आज पालक आहे. त्यातले कितीतरी जण आपल्या मुलांशी स्पॅनिश सोडून इंग्रजीत बोलतात, कारण शाळेनं त्यांना तसं शिकवलं. शिवाय दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या अनेक घरांत मिश्तेको किंवा त्रिकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलतात. स्पॅनिश तिथे दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा. कॅलिफोर्नियातल्याच फ्रेस्नोच्या रेडिओ बिलिंग्वेचे संस्थापक ह्यूगो मोरालेस असेच मिश्तेको घरातून, शेतमजुरीतून हार्वर्डला गेले आणि परत येऊन त्यांनी शेतमजुरांसाठी रेडिओ काढला; 1980 मध्ये तो ऐकू येऊ लागला.

हीच मुलं घरासाठी दुभाषाचं कामही करतात. बँकेत, दवाखान्यात, घरमालकासमोर. नऊ वर्षांचं मूल भाडेकराराचा मजकूर आईला समजेल असा सांगतं, हे मोठं कौशल्य आहे आणि वाचनाच्या तासाला त्याचा उपयोग करता येतो. पण पालकसभेत त्याच मुलाला स्वतःबद्दलच्या तक्रारी आईला भाषांतर करून सांगायला लावणं मला अजिबात मान्य नाही. तिथे दुभाषा देणं शाळेचं काम आहे. तसंच, घराची ताकद घराची ताकद म्हणत भाड्याकडे डोळेझाकही करू नये. एका खोलीत पाच माणसं झोपत असतील, तर अभ्यासाला कोपरा कुठून येणार? वाचनालय संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं लागतं आणि त्यासाठी पैसा लागतो.

"आम्ही काय करू शकतो?" हा पुढचा प्रश्न मला मनापासून आवडतो. कोडिंगचे वर्ग घेऊन थेट येऊ नका. इंग्रजी शिकणारी 21 किंवा अधिक मुलं असलेल्या कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक सरकारी शाळेत त्यांच्या पालकांची सल्लागार समिती असावी लागते. तिची बैठक कधी असते ते विचारा, मागच्या खुर्चीवर बसा, आयांचं ऐका. आमच्या समितीनं बैठक संध्याकाळी साडेसहाला घ्यायला लावली, जेवण आणि लहान मुलांना सांभाळायची सोय मागून घेतली, आणि त्यानंतर बाबाही यायला लागले. सध्या त्यांची मागणी आहे ती मोठ्या भावंडांच्या कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या अर्जांना हातभार लावणाऱ्यांची. शनिवारी सकाळी, लॅपटॉप घेऊन. कुटुंबाच्या कागदपत्रांबद्दल तोंड बंद ठेवणारी माणसं हवीत, थोडं स्पॅनिश येत असेल तर उत्तम, आणि मिश्तेको बोलणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांना आधी पाठवा.