हृदयरोग्याने व्यायाम करायचा, पण किती जोरात?

हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर घरी जाताना 'रोज चाला' एवढं बहुतेकांना सांगितलं जातं. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. काहीजण घाबरून इतके रमतगमत चालतात की हृदयाला काही कामच पडत नाही, तर काहीजण पहिल्याच आठवड्यात धापा टाकेपर्यंत जातात. खरा प्रश्न जोराचा आहे.

इथे सर्वात जास्त घोळ घालतं ते '२२० वजा वय' हे सूत्र. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल यांसारखे बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी ते वापरूच नये. ही औषधं नाडीला वर चढू देत नाहीत. समजा, वय ६० आहे. सूत्राप्रमाणे कमाल नाडी १६०, तिचे ७० टक्के म्हणजे ११२. पण औषध चालू असताना केलेल्या ट्रेडमिल टेस्टमध्ये याच माणसाची नाडी १२० वरच थांबली असेल, तर ११२ म्हणजे जवळपास पूर्ण दमछाक!

मग हिशेब असा करायचा: बसलेल्या अवस्थेतली नाडी ६०, टेस्टमधली कमाल १२०, फरक ६०. या फरकाचे ४० ते ६० टक्के म्हणजे २४ ते ३६. ते ६० मध्ये मिळवले की ८४ ते ९६ हा सुरुवातीचा पट्टा मिळतो. टेस्टमध्ये छातीत दुखलं असेल किंवा ईसीजी बदलला असेल, तर ज्या नाडीला ते घडलं तिच्या किमान १० ठोके खाली राहायचं. आयसीडी (ठोके धोकादायक वेगाने वाढले की शॉक देणारं, शरीरात बसवलेलं यंत्र) असलेल्यांनी ते किती ठोक्यांना शॉक देतं हे डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि त्याच्या बरंच खाली राहावं. औषधाचा डोस बदलला की जुना पट्टा रद्द.

टेस्ट झालेली नसेल किंवा एट्रियल फिब्रिलेशनमुळे नाडी अनियमित असेल, तर मनगटावरच्या घड्याळापेक्षा स्वतःच्या श्वासावर भरवसा ठेवा. चालताना पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दमण्याच्या ६ ते २० या बोर्ग मोजपट्टीवर हे साधारण ११ ते १३ येतं.

सुरुवात ५-१० मिनिटांच्या चालण्याने, दिवसातून दोन-तीनदा. आधी वेळ वाढवायची, ३० मिनिटं सलग जमली की मगच वेग. आधी १० मिनिटं सावकाश चालणं हवंच, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांना रुंदावायला वेळ लागतो. थंड शरीराने एकदम जोर केला की अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं छातीतलं दुखणं, लवकर उठतो.

शेवटची सावकाश चालण्याची १० मिनिटं मात्र लोक हमखास गाळतात, आणि गडबड तिथेच होते. चालताना पायांतल्या रक्तवाहिन्या रुंद झालेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलत असतात. झटकन थांबलात की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं, बीपी घसरतं. ॲड्रेनलिन मात्र अजून चढलेलंच असतं. चक्कर येते, धडधड होते, ठोके चुकू शकतात. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे जास्तच जाणवतं. व्यायाम संपताच गरम पाण्याने आंघोळ नको, तीही याच कारणासाठी.

वजनं उचलण्याबद्दल थोडक्यात. बायपासमध्ये छातीचं हाड कापलेलं असतं, ते जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर जड उचलणं, ढकलणं, ओढणं नाही. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने, १०-१५ वेळा सहज उचलता येईल एवढंच वजन. उचलताना श्वास सोडायचा. श्वास रोखून कुंथलं की बीपी उसळी मारतं.

ताप असेल, छातीत दुखण्याचा प्रकार नव्याने सुरू झाला किंवा वाढला असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, तर अंगात पाणी साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करायचा.

व्यायाम करताना छातीत, जबड्यात किंवा हातात दाब जाणवला, तर लगेच थांबा आणि बसा. लिहून दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्या, उभ्याने घेतली तर बीपी उतरून पडायला होतं. ५ मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला जाऊ नका.