तुळया निघण्याच्या आधी

बार्शी तालुक्यातला एक माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा दुसऱ्या दिवशी उतरवायचा होता. त्याआधी त्याचे फोटो आणि मापं घेऊन ठेवायची होती. लाकूड आधीच विकलं गेलं होतं, म्हणजे सकाळी पहिल्या तुळयाच निघणार. अशा वेळी काय आधी टिपायचं ते उजेडावर ठरतं.

दर्शनी भिंत पूर्वेची, तरी सकाळी तिला हात लावला नाही. आठ वाजता ऊन समोरून पडतं आणि घडीव दगड सपाट दिसतो. अकरानंतर तेच ऊन भिंतीला घासत उतरतं, तेव्हा टाकीचे घाव अन् दरजा उठून येतात. फोटोवरून पुढं मापं काढायची तर भिंतीवर खडूच्या चार फुल्या मारायच्या, त्यांच्यातली अंतरं आणि दोन्ही कर्ण टेपनं घ्यायचे. कर्ण घेतले नाहीत तर भिंत काटकोनात आहे की नाही तेच कळत नाही, आणि जुनी भिंत काटकोनात नसतेच. कॅमेरा भिंतीला समांतर, पाणसळीत. भिंत चौकटीत मावत नाही म्हणून तो वर झुकवला की कडा आत कलतात. त्यापेक्षा समोरच्या ओट्यावर चढावं. लाल-पांढरी दोन मीटरची मापपट्टी भिंतीला टेकवूनच उभी करायची. हातभर पुढं आली तरी माप खोटं.

सकाळचा वेळ गोठ्यात गेला. गव्हाणीची उंची, दावणीच्या खुंट्यांमधलं अंतर, जनावरांच्या अंगानं गुळगुळीत झालेले खांब. हे नकाशात कुणी काढत नाही.

माजघरात उजेड फक्त सवण्यातून, म्हणजे छताला ठेवलेल्या भोकातून. उन्हाचा कवडसा जमिनीवर जळून पांढरा पडतो, कोनाडे काळेच राहतात. सवण्यावर पांढरं धोतर ताणून बांधलं की उजेड पसरतो; फ्लॅशपेक्षा हे कधीही बरं, कारण फ्लॅशनं काजळीचा रंगच बदलतो. कॅमेरा आयएसओ १०० वर, भिंगाचं छिद्र एफ ११, उघडीप दहा-पंधरा सेकंद. तेवढा वेळ वर माळवदावर कुणी चालायचं नाही, नाहीतर माती गळते. प्रत्येक तुळईवर खडूनं नंबर घालून मगच फोटो, कारण ती उद्या ट्रकमध्ये असेल.

अंगणातल्या पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, उतरायला गडी तयार होता. त्याला उतरू दिलं नाही. बंद पेवात पुरेसा प्राणवायू नसतो, तळाशी जड वायू साठतो आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. कॅमेरा अन् एलईडी दिवा बांबूला बांधून खाली सोडला, दर दोन सेकंदांनी आपोआप फोटो. पुष्कळसे हलले, पण पेवाच्या गळ्याची बांधणी स्पष्ट आली.

माळवदावर चालायचं ते भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेवरून. मधे कुजलेलं असतं, ते वरून दिसत नाही. परसातल्या पडवीवर मंगलोरी कौलं होती, ठसा मंगळूरच्या बासेल मिशन कौल कारखान्याचा आणि १८६५. ते साल कारखाना सुरू झाल्याचं, कौल भाजल्याचं नव्हे. त्यावरून घराचं वय लावणारे पुष्कळ भेटतात.

दुसऱ्या दिवशी मजुरांनी कोपरा उघडल्यावर त्यांना दहा मिनिटं थांबवून घेतलं. माळवदाचा छेद असाच मिळतो: तुळई, वर लाकडी चिपा, पाला, मग मातीचे थर, सगळ्यात वर दरवर्षी पावसाआधी टाकलेली खारी माती. पट्टी लावून मोजलं, सव्वा फूट. मातीचा नमुना थरागणिक वेगळ्या पिशवीत, आणि पिशवीवर फोटोचाच नंबर.