सॅन फ्रान्सिस्कोतील समलिंगी टेनिसपटूंचा क्लब

गोल्डन गेट पार्कमधील सार्वजनिक कोर्टांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टेनिस खेळले जाते आणि अ‍ॅलिस मार्बल व रोझी कझाल्स या दोघी नामवंत टेनिसपटू तिथेच घडल्या. याच शहरात 1980च्या दशकाच्या आरंभी समलिंगी खेळाडूंनी ‘गे अँड लेस्बियन टेनिस फेडरेशन’ हा आपला क्लब उभा केला. इथल्या वास्तव्यात मी त्याच्याविषयी कुणाला सांगितले, की मायदेशातील मित्र हमखास विचारतात: खेळाचे नियम सर्वांना सारखेच, मग क्लब वेगळा कशाला?

उत्तर त्या काळात आहे. 1981मध्ये बिली जीन किंग यांचे एका स्त्रीशी असलेले संबंध न्यायालयातील दाव्यामुळे जगजाहीर झाले आणि त्यांचे जाहिरातींचे करार पाहता पाहता हातचे गेले. विम्बल्डन गाजवलेल्या खेळाडूची ही गत, तर नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी खेळणाऱ्याने उघडपणे कसे वागावे? शिवाय क्लबातले टेनिस कोर्टापुरते नसते. खेळून झाल्यावर बाकावर घरच्या गप्पा रंगतात, मिश्र दुहेरीत नवरा-बायको जोडीने उतरतात, वार्षिक जेवणाचे आमंत्रण सहकुटुंब असते, आणि अशा प्रत्येक प्रसंगी ज्याला आपल्या माणसाचे नाव ओठांवर येऊनही गिळावे लागते, त्याचे पाऊल हळूहळू तिकडे वळेनासे होते.

1982च्या ऑगस्टअखेर याच शहरात समलिंगी खेळाडूंच्या बहुविध क्रीडास्पर्धा, म्हणजे ‘गे गेम्स’, पहिल्यांदा भरल्या आणि त्यांत टेनिसचाही समावेश होता. त्यांचे प्रवर्तक डॉ. टॉम वॉडेल हे 1968च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन या दहा प्रकारांच्या मैदानी स्पर्धेत सहावे आले होते. त्यांनी आधी या स्पर्धांना ‘गे ऑलिंपिक्स’ असे नाव दिले होते, परंतु अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने ‘ऑलिंपिक’ या शब्दावरील हक्कासाठी न्यायालय गाठले आणि जून 1987मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच महिन्यात वॉडेल एड्सने गेले. ज्या पिढीने असे क्लब उभारले, तीच पिढी या आजाराने पोखरून निघाली. दुहेरीतला जोडीदार गमावणे म्हणजे काय, हे त्या काळी या कोर्टांवर कुणाला समजावून सांगावे लागत नसे. अशा दिवसांत क्लब टिकवून धरणाऱ्यांविषयी मला नितांत आदर वाटतो.

क्लबाची ‘युनायटेड स्टेट्स गे ओपन’ ही स्पर्धा आजही होते. पुढे अनेक देशांतील अशा क्लबांची मिळून एक आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. तिच्या स्पर्धांतील गटांची पद्धत मला विशेष भावते: ओपन, ए, बी, सी आणि डी हे गट खेळाच्या पातळीवरून पडतात, त्यामुळे नुकताच सर्व्हिस शिकलेला नवखाही आपल्या तोडीच्या खेळाडूशी चुरशीने लढू शकतो. मेलबर्नची ‘ग्लॅम स्लॅम’ ही याच मालिकेतील स्पर्धा ऑस्ट्रेलियन ओपनच्या दिवसांत भरते.