फायबरमधील अपस्करण मोजताना आणि सावरताना

पुण्यात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रकल्पासाठी मी ऑप्टिकल फायबरमधील प्रकाशाचे अपस्करण, म्हणजे तरंगलांबीनुसार वेग बदलल्याने प्रकाशाचे स्पंद पसरत जाणे, हा विषय घेतला. २५ किलोमीटर सिंगल मोड (प्रकाशाला एकाच प्रकारे वाहून नेणाऱ्या) फायबरच्या रिळातून जाताना निरनिराळ्या तरंगलांबींच्या प्रकाशाला किती निरनिराळा वेळ लागतो हे मोजायचे आणि तो फरक दुसऱ्या फायबरने भरून काढायचा, असे त्याचे स्वरूप होते.

या फायबरचे अपस्करण १३१० नॅनोमीटरच्या आसपास शून्य असते, परंतु दूरचे संदेशवहन १५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात चालते, कारण तेथे काचेतील प्रकाशाचा क्षय सर्वांत कमी असतो आणि प्रकाशाची शक्ती वाढवणारे अर्बियमचे प्रवर्धकही तेथेच काम करतात. तेथे तरंगलांबीतील प्रत्येक नॅनोमीटरच्या फरकामागे दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंदांचा विलंब पडतो, म्हणजे आमच्या रिळात सुमारे ४२५ पिकोसेकंदांचा. सेकंदाला १० गिगाबिट पाठवताना एका बिटाच्या वाट्याला १०० पिकोसेकंदच येतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचे गांभीर्य कळते.

मोजणीसाठी कलाबदलाची (कला म्हणजे फेज, कंपनाच्या आवर्तनातील स्थिती) पद्धत वापरली. लेसरच्या तीव्रतेवर १ गिगाहर्ट्झचे कंपन चढवायचे, तरंगलांबी अर्ध्या अर्ध्या नॅनोमीटरने सरकवायची आणि पलीकडे मिळालेल्या कंपनाची कला किती सरकली ते पाहायचे. ३६० अंश म्हणजे १००० पिकोसेकंद, त्यामुळे एका पायरीला साधारण ७६ अंशांचा बदल अपेक्षित होता. प्रत्यक्षात मात्र तरंगलांबीला हात न लावताही कला सरकत राहिली. याचे कारण तापमान होते. फायबरमधील विलंब अंशाला आणि किलोमीटरला सुमारे ४० पिकोसेकंदांनी बदलतो, म्हणजे २५ किलोमीटरमध्ये एका अंशाने कलेचे जवळजवळ पूर्ण आवर्तनच फिरते, आणि एप्रिलच्या दुपारी एसी चालू-बंद होणाऱ्या खोलीत एक अंश ही किरकोळ गोष्ट असते. शेवटी रीळ थर्माकोलच्या पेटीत बंद केले, मोजणी रात्री घेतली आणि प्रत्येक वाचनानंतर एका ठरावीक संदर्भ तरंगलांबीकडे परत येऊन मधल्या काळातील सरक वजा केली. माझ्या मते या प्रयोगात उपकरणाच्या अचूकतेपेक्षा हे परत येणेच अधिक मोलाचे आहे, कारण त्याशिवाय विलंबाच्या आलेखाला अर्थ राहत नाही.

भरपाईसाठी दर किलोमीटरला आणि नॅनोमीटरला उणे १०० पिकोसेकंदांच्या आसपास अपस्करण असलेले फायबर सव्वाचार किलोमीटर जोडले. त्याचा गाभा अरुंद आणि अपवर्तनांक जास्त असतो. लांब तरंगलांबीचा प्रकाश गाभ्याबाहेरच्या कमी अपवर्तनांकाच्या आवरणात अधिक पसरतो आणि म्हणून पुढे निघतो, तर साध्या फायबरमध्ये तोच मागे पडलेला असतो. १५५० नॅनोमीटरवर दोन्ही फायबरच्या अपस्करणाची बेरीज शून्याजवळ आली. १५३० आणि १५६५ नॅनोमीटरच्या टोकांना मात्र ती आली नाही. साध्या फायबरचे अपस्करणही तरंगलांबीबरोबर बदलते आणि या संपूर्ण पट्ट्यात २५ किलोमीटरमागे तो फरक सुमारे ५० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर होतो. भरपाईच्या फायबरचा उतार, म्हणजे तरंगलांबीबरोबर अपस्करण बदलण्याचा दर, उलटा होता खरा, पण पुरेसा तीव्र नव्हता.

संपूर्ण फायबरच शून्य अपस्करणाचे का बनवू नये, असे मी मार्गदर्शक मॅडमना विचारले. त्यांनी मला जी.६५३ या फायबरची माहिती वाचायला सांगितली. त्याचे शून्य १५५० वर आणले होते आणि एका वाहिनीसाठी ते उत्तम होते, परंतु अनेक तरंगलांबी एकत्र सोडताच त्या सारख्या वेगाने बरोबर राहून एकमेकींत मिसळत आणि नवे, नको असलेले संकेत निर्माण करत. मार्गात प्रत्येक ठिकाणी थोडे अपस्करण असावे आणि अखेरची बेरीज तेवढी शून्य व्हावी, ही मांडणी मला त्यानंतर पटली, आणि प्रबंधात टोकांची उरलेली बाकी मी प्रत्येक तरंगलांबीनुसार नोंदवली.

सध्या मी सिलिकॉन नायट्राइडच्या तरंगवाहिन्यांची, म्हणजे चिपवर प्रकाश वाहून नेणाऱ्या सूक्ष्म मार्गांची, गणिते करते. तेथे लांबी मिलिमीटरमध्ये असते, उलट्या अपस्करणाच्या फायबरचा तुकडा जोडण्याची सोय नसते, आणि थराची जाडी ७०० ते ८०० नॅनोमीटरपर्यंत नेऊन अपस्करणाचे चिन्हच बदलावे लागते.