बर्फाखालची नदी मोजताना

कॅनडातल्या विनिपेगमध्ये माझं काम नद्यांचं पाणी मोजायचं. तोतलाडोह धरण किती टक्के भरलं, हे नागपुरात पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण वाहत्या नदीची नुसती पातळी कळून भागत नाही. सेकंदाला किती पाणी जातंय, ते हवं असतं.

पातळी काठावरचं यंत्र नोंदवतं. प्रवाहासाठी माणसालाच जावं लागतं. पात्राचे वीस-पंचवीस भाग पाडायचे, प्रत्येकाची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करायचा, मग सगळ्यांची बेरीज. अशा मोजण्यांवरून अमुक पातळीला तमुक प्रवाह असा आलेख बनतो. गाळ साचला, काठ खचला, की तो पुन्हा तपासायचा.

खरा कस हिवाळ्यात लागतो. उणे पंचवीसमध्ये गोठलेल्या नदीवर उभं राहून ऑगरने, म्हणजे बर्फ भोसकायच्या गिरमिटाने, एका रेषेत भोकं पाडायची. आधी बर्फाची जाडी, मग त्याखालची खोली, मग वेग मोजायचा मीटर आत सोडायचा. बाहेर काढला की त्यावरचं पाणी बघता बघता गोठतं आणि पातं जाम होतं. म्हणून सोबत गरम पाणी ठेवतो. बर्फ पाण्याला अडवतो, त्यामुळे पातळी चढलेली दिसते आणि प्रवाह मात्र कमी असतो. अशा वेळी उन्हाळ्यातला आलेख चालत नाही.

इथली रेड नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेत बर्फ आधी वितळतो, पुढचं पात्र अजून गोठलेलं, मग पाणी पसरतं. 1950च्या पुरानंतर शहराला वळसा घालणारा कालवा खोदला, तो 1968मध्ये पूर्ण झाला. 1997च्या महापुरात त्यानेच विनिपेग वाचवलं. त्याची दारं कधी चालवायची हे वरच्या भागातल्या प्रवाहावरून ठरतं, आणि हे आकडे कुणालाही फोनवर फुकट बघता येतात.

23 सप्टेंबर 2023च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. सांडव्यावरची पातळी आणि खालचा प्रवाह अंबाझरी लेआउटमधल्या काकूंनाही रात्री दोनला फोनवर दिसायला हवा. त्यासाठी भर पावसात मोजणारी माणसं लागतील. कोरड्या दिवसांतल्या मोजणीवरून पुराचा आलेख बनत नाही. या पावसाळ्यात मी नागपूरला येतोय. इंजिनिअरिंगच्या ज्या पोरा-पोरींना ही मोजणी शिकायची असेल, त्यांनी आत्ताच कळवा.