धरमपेठेतील क्रीडावस्त्रांच्या नव्या दालनाचे उद्घाटन : वर्ध्याहून जाऊन केलेली बूटखरेदी

गेल्या शनिवारी नागपुरात, धरमपेठेतील वेस्ट हायकोर्ट रोडवर, क्रीडावस्त्रे आणि बुटांच्या एका नव्या दालनाचे उद्घाटन झाले. मी आणि माझी भाची त्यासाठी वर्ध्याहून मुद्दाम गेलो होतो. ती अकरावीत शिकते, १५०० आणि ३००० मीटर धावते, आणि तिच्या बुटांचा तळ टाचेच्या बाहेरच्या कडेला इतका झिजला होता की आतला पांढरा फोम दिसू लागला होता. तिच्या मापाचे बूट आमच्याकडेही मिळतात, पण ते घालून चार पावले धावून पाहू देणारे दुकान आम्हाला सापडले नव्हते. या दालनाच्या निमंत्रणात मात्र पायाचे मोजमाप विनामूल्य होईल आणि बूट घालून ट्रेडमिलवर धावता येईल, असे स्पष्ट लिहिले होते. असे समारंभ पुढेही होतील आणि आसपासच्या गावांतून मुले तिकडे जातील, म्हणून अनुभव सविस्तर लिहितो आहे.

वर्धा ते नागपूर हे रेल्वेचे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. नागपूरला उतरल्यावर ऑटोवाल्यांशी घासाघीस करण्यापेक्षा मेट्रोने जाणे सोयीचे. रेल्वेस्थानकाजवळच ॲक्वा लाईनवर लोकमान्यनगरकडे जाणारी गाडी मिळते. सीताबर्डी इंटरचेंजला गाडी बदलावी लागत नाही. त्यानंतर झाशी राणी चौक, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स आणि त्यापुढचे शंकरनगर चौक हे आपले स्थानक. तेथून आम्ही पायीच गेलो. स्वतःचे वाहन घेऊन येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी धरमपेठेत चारचाकी लावायला जागा मिळेल या भरवशावर राहू नये. आमच्या डोळ्यांदेखत एक कुटुंब तीन फेऱ्या मारून परत गेले.

समारंभ पाच वाजता सुरू होणार होता, प्रत्यक्षात पावणेसहाला फीत कापली गेली. ढोलताशा, नंतर मोठ्या आवाजातील संगीत, दारातच झुंबा, आणि आत संत्र्याचा रस व सांबारवडी असा थाट होता. सांबारवडी गरम आणि उत्तम होती, हे आवर्जून सांगतो. ट्रेडमिलवर एक किलोमीटर सर्वांत कमी वेळात धावणाऱ्यास बक्षीस होते. भाचीला त्यात उतरायचे होते, पण तिने सकाळी सराव केलेला होता आणि अनोळखी बूट घालून चढाओढीत पळणे पोटऱ्यांना महागात पडू शकते, म्हणून मी नको म्हटले. ती थोडी हिरमुसली. आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो.

या साऱ्या गजबजाटात खरी मोलाची जागा होती ती मागच्या कोपऱ्यातील मोजमापाची. तेथे पंचविशीतला एक कर्मचारी बसला होता आणि गर्दी पुढे नाचत असल्यामुळे त्याच्यापाशी जेमतेम चार माणसे होती. त्याने प्रथम भाचीचे जुने बूट मागितले, ते उलटे करून झीज पाहिली, आणि मगच पाय मोजायला घेतले. दोन्ही पाय मोजले, तेही उभे राहायला लावून, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटरने लांब निघाला, आणि आजवर आम्ही दर वेळी उजव्याच पायात बूट घालून पाहत होतो! त्यानंतर त्याने नव्या बुटातील इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढले, जमिनीवर ठेवले आणि त्यावर तिला उभे केले. करंगळीची कड इनसोलच्या बाहेर जात होती. “ताई, लांबी बरोबर आहे, पण चवडा रुंद आहे,” असे म्हणून त्याने रुंद पंजाचा दुसरा जोड आणला. ही युक्ती कोणत्याही दुकानात, कोणत्याही यंत्राशिवाय करता येते.

जुने बूट आणि धावताना घालता तेच मोजे सोबत न्यावेत. बूट शक्यतो संध्याकाळी घालून पाहावेत, कारण दिवसभर वावरल्यावर पाय किंचित फुगतात आणि सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी. ती नसेल, तर लांब पल्ल्याच्या सरावात नखे काळी पडतात. साईजचा आकडा कंपनीगणिक बदलतो, यूके, यूएस आणि ईयू यांचा घोळ तर निराळाच, म्हणून डब्यावर सेंटिमीटर छापलेले असतील, तर आधी ते पाहावेत आणि अखेरचा निर्णय पायावर सोडावा. आपल्याकडची बरीच मुले मुरमाच्या मैदानावर पळतात, तेव्हा गुळगुळीत तळाचे, केवळ डांबरी रस्त्यासाठी केलेले बूट देखणे असले तरी टाळावेत. धावण्याचे बूट साधारणतः ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असे धरले जाते. भाची आठवड्याला चाळीसेक किलोमीटर धावते, म्हणजे तीन ते साडेचार महिन्यांचाच प्रश्न आहे, आणि खर्चाचा विचार त्या हिशेबाने करावा लागतो.

आता तक्रारीचे. दारावरच्या फलकावर पहिल्या १०० ग्राहकांना २० टक्के सवलत अशी मोठी अक्षरे होती. आम्ही टोकन घेतले, त्यावर ६३ आकडा होता, आणि सुमारे पन्नास मिनिटे बिलाच्या रांगेत उभे राहिल्यावर कळले की नव्याने आलेल्या मालाला ही सवलत लागू नाही. आम्ही निवडलेला जोड नेमका त्यातला होता. अट खोटी नव्हती, फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ती होती. पण धावणाऱ्या मुलीला तासभर आशेवर ठेवून शेवटी नकार देणे मला खटकले आणि तसे मी तेथील व्यवस्थापकांना शांतपणे सांगितले. पूर्ण किमतीत, ५,४९९ रुपयांना, बूट घेतले. टोकन घेतानाच कोणता माल सवलतीत बसतो हे विचारून घ्यावे. तसेच छापील कमाल किमतीत जीएसटी धरलेलाच असतो, त्यावर कोणी वेगळा कर लावू लागल्यास हरकत घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के असा कर आहे, त्यामुळे ज्यांचे बजेट त्या सीमेजवळ आहे, त्यांनी अडीच हजारांच्या आतले पर्याय आधी पाहणे फायद्याचे ठरते.

कपड्यांच्या विभागात आम्ही फार वेळ घालवला नाही. सुती टी-शर्ट घाम शोषून जड होतो आणि अंगाला चिकटतो, म्हणून विदर्भाच्या उन्हात सरावासाठी पातळ पॉलिस्टरचा, फिक्या रंगाचा टी-शर्ट बरा. तसा एक घेतला. लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर नाव, वय आणि मोबाईल क्रमांक मागत होते. लहान मुलांचा क्रमांक तेथे देऊ नये, पालकांनी स्वतःचा द्यावा किंवा चिठ्ठीच भरू नये. सोडत आठनंतर होती. तिच्यासाठी थांबलो असतो, तर आमची परतीची गाडी चुकली असती, म्हणून आम्ही साडेसातलाच निघालो.

परतीच्या मेट्रोत भाचीने डबा मांडीवर धरून ठेवला होता. बिलामागे १५ दिवसांत बदलून देण्याची अट आहे, मात्र तळाला माती लागलेली चालत नाही. म्हणून पहिले चार दिवस ती घरातल्या फरशीवरच बूट घालून वावरली, जिने चढली-उतरली, आणि डाव्या पायाची शेवटची नाडी एक भोक खाली घेतल्यावर टाचेचे घासणे थांबले. पाचव्या दिवशी पहाटे तिने ते मैदानावर नेले. बूट स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात ठेवायचे नाहीत, एवढे मी तिला बजावले आहे, कारण वैशाखातल्या उष्णतेने तळाचा चिकटवलेला भाग सुटतो आणि मग बिल असूनही बदलून मिळणे अवघड होते.